एकतारी

लँडरच्या मोठ्या रस्त्यावर, बँकेला लागून जे दुकान आहे,
तिथं कॉर्लीनने काउंटरवर तीन डोकी मांडली.
धडं नाहीत, पाय नाहीत, नुसती डोकी,
प्रत्येकाला मागं एक शेपटीसारखा दांडा.
"फिरवून बघ," म्हणाली, आणि काडतुसांचे खोके मोजायला गेली.

पहिलं चारशे वीस डॉलरचं.
थांबवलं तिथं थांबलं.
बोट उचललं तरी तसूभर मागं आलं नाही.
लग्नात दुसरीच्या पाटल्यांकडे बघतात
तसं मी त्याच्याकडे बघून घेतलं.

दुसरं साठचं. आत द्रव आहे, असं खोक्यावर छापलंय.
असेलही.
वळवताना आधी अडतं, मग एकदम सुटतं,
शिकाऊ ड्रायव्हरच्या क्लचसारखं.
हरणाच्या कानावर दुर्बीण धरावी
तर नजर पलीकडच्या खडकावर.

तिसरं एकशे तीसचं.
हळूच वळवलं आणि अंगठ्याला ओळख पटली:
पाकाचा थेंब चिमटीत घेऊन बोटं लांब केली
की मधे जी तार येते,
तुटत नाही, घाईही करत नाही.
कॉर्लीनला हे कसं सांगणार?
"हे बरं आहे," म्हटलं.
वर्लिनच्या जुन्या दुर्बिणीला बसायला वेगळी पट्टी, अठरा डॉलर.
चार आण्याची कोंबडी.

निम्मे पैसे वर्लिनचे. टॅग त्याचा, बंदूक त्याची.
डोळे माझे, असं ठरलंय.
मी मांस खात नाही, हे त्याला माहीत आहे.
"खायला कोण सांगतंय, शोध फक्त," म्हणतो.
गेल्या वर्षी त्याने दुर्बीण कुंपणाच्या खांबावर टेकवली होती,
मधे टोपी घालून,
तरी आतलं हरीण थरथरत होतं.
थंडी फार, तो म्हणाला.
ऑगस्टमध्ये त्याच्या खुब्याचा एक्स-रे मीच काढला.
"हलू नका, श्वास रोखा,"
दिवसातून तीसदा म्हणते मी हे, इस्पितळाच्या तळघरात.
त्याने श्वास रोखला.
हात मांडीवर होता, तो हलतच राहिला.
दोघांनीही तिकडे पाहिलं नाही.

ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी, लाल टेकड्यांवर,
उणे चौदा.
तिवई रोवली, दुर्बीण चढवली, दांडा ओढला.
डोकं ढिम्म.
रात्रभर ट्रकच्या मागच्या हौद्यात पडलेलं,
आतला पाक गोळीबंद.
"एकशे तीस डॉलरचा दगड," वर्लिन म्हणाला
आणि खोकला येईपर्यंत हसला.
मी हातमोजे काढून त्याला तळव्यात धरलं,
वर फुंकर घातली,
जॅकेटचं टोक गुंडाळलं.
दुर्बीण होती तिथंच रोखलेली,
एका उतारावर, जिथं काहीच नव्हतं:
सेजची झुडपं, बर्फाचे ठिगळ,
एक पडकं कुंपण.
दुसरीकडे वळता येईना, म्हणून तेच बघत बसले.
वीस मिनिटं. कदाचित जास्त.

मग एका झुडपाला कान फुटला.
आम्ही आलो तेव्हापासून तिथंच असणार.
वर्लिनला जागा दिली.
त्याने हात खिशात घातले, डोळे लावले.
"मादी आहे," खूप वेळाने म्हणाला.
टॅग नराचा.
तरी तो बाजूला झाला नाही.

ऊन टेकडीवर उतरलं तशी ती उठली,
झाडल्यासारखं अंग हलवून चालू लागली.
त्याने खिशातून उजवा हात काढला, दांड्यावर ठेवला.
डोकं वळलं.
हाताचा कंप दांड्यापर्यंत गेला आणि आत कुठंतरी विरघळला.
कुंपण येईपर्यंत तो तिच्यामागून जात राहिला,
पाठीमागं मी, दोन्ही हात काखेत दाबून.

परत येताना म्हणाला, बदलून घ्यायचं का?
तीस दिवसांत देतात पैसे परत.
पावती डॅशबोर्डच्या खणात आहे,
मोजे, गोळ्या, सुकलेलं सफरचंद यांच्याखाली कुठंतरी.
मी खण उघडला नाही.
"आज रात्री घरात ठेवू," म्हटलं, "चुलीपाशी."